धार न काढता घेतलेली म्हैस

दोन म्हशींवर आमचं घर चालायचं. माझ्या धाकट्या भावानं, हणमानं, एक इकली आन् सगळा पैका, लढायची भारी तलवार निघंल या आशेनं, मोबाइलच्या गेममधल्या बंद पेट्या घेण्यात घातला. मी पुण्याला त्या कंपनीच्या हापिसात जाऊन भांडलो.

साहेब म्हणाला, "पेटीत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. त्यानं राजीखुशीनं घेतल्या."

म्या म्हटलं, "मग माझी दुसरी म्हैस घ्या. फकस्त धार काढून बघायची न्हाई."

"न बघता? ही तर फसवणूक झाली."

"आता कसं बोललास. हणमाला पेटी उघडून दावली हुतीस का?"

पर साहेबाकडनं रुपाया सुटला न्हाई.

घरी आलो, तर हणमा उरलेल्या म्हशीकडं बघत म्हणाला, "दादा, हीबी इकूया. पुढच्या पेटीत तलवार नक्की निघतीया."