एक युनिट

“मग चूक कोणाची, भंते? बाबांची की माझी?”

भंते शीलरत्नांनी त्याला समोर बसायला खुणावलं.

चंद्रपूरच्या त्या लहानशा विहारात दुपारी दोन वाजता हे दोघंच होते. बाहेर मे महिना पेटला होता. खिडकीतला कूलर घरघरत होता, त्यामुळे हितेंद्र रामटेकेला आवाज चढवून बोलावं लागत होतं. तसाही तो चढलेलाच होता.

हितेंद्र इंजिनिअर. दर रविवारी ध्यानाला यायचा आणि भंतेंच्या प्रत्येक वाक्यावर एक शंका काढायचा. आज तो ध्यानाला आला नव्हता. निकाल मागायला आला होता.

“तुम्हीच सांगा. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बल्लारपूरला एकटे राहतात. दर महिन्याला लाईटचं बिल भरायला उन्हात काउंटरवर रांग लावायची. कशासाठी? मी मीटर प्रीपेड करून घेतलं. शिल्लक कमी झाली की माझ्या खात्यातून आपोआप रिचार्ज होतं. त्यांना घराबाहेर पडायची गरज नाही.”

“ते काय म्हणाले?”

“भांडले. म्हणे, माझ्या घरची लाईट मी माझ्या हातानं भरीन.”

“आणि तू?”

“मी ऐकलं नाही. चांगल्या गोष्टीला कोणी विचारत बसतं का, भंते?”

भंतेंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“मला तुमच्याकडून एकच हवंय. तुम्ही त्यांना समजावून सांगा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

“तू काय बोललास शेवटचं?”

“परवा रात्री फोन केला होता. म्हटलं, कूलर जरा कमी चालवा, रोज किती वीज जळते ते मला इथं दिसतं. त्यांनी फोन ठेवून दिला. कालपासून उचलत नाहीत.”

“कालपासून?”

“सकाळी केला, रात्री केला. आज पुन्हा केला. राग हो, भंते. दुसरं काय?”

“कोणाला पाठवलंस बघायला?”

“गरजच नाही.” हितेंद्रनं खिशातून मोबाईल काढला. त्याचा चेहरा उजळला होता. “हे बघा. घरबसल्या सगळं कळतं. परवापर्यंत रोज सात युनिट, आठ युनिट. आणि काल? एक. फक्त एक युनिट! बोलत नाहीत, पण ऐकलं शेवटी.”

त्यानं मोबाईल पुढे धरला.

भंतेंनी तो हातात घेतला नाही. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि कूलरचं बटण बंद केलं.

घरघर थांबली.

खोलीत एकदम शांतता झाली. मग त्या शांततेत ऊन शिरलं. पत्र्याचं छप्पर तडतडलं. हितेंद्रच्या कपाळावर घाम आला.

“भंते, बंद का केलात? शेहेचाळीस डिग्री आहे बाहेर.”

भंते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

“शेहेचाळीस…” हितेंद्र म्हणाला.

त्यानं मोबाईलकडे पाहिलं. एक युनिट. एका युनिटमध्ये फ्रिज चालतो. कूलर नाही, पंखा नाही, फ्रिजशिवाय काहीच नाही.

त्यानं पुन्हा बाबांचा नंबर लावला, कोणी उचलला नाही.

भंतेंच्या हातात त्यांचा बटणांचा फोन आधीच होता. “शेजाऱ्यांचा नंबर सांग.”

हितेंद्रचा अंगठा पडद्यावर सरकत राहिला. वीज ऑफिसचा नंबर होता. बँकेचा होता. मीटर बसवणाऱ्याचाही होता.

“नाही माझ्याकडे,” तो म्हणाला. “भंते… एकाही शेजाऱ्याचा नाही.”

भंतेंनी बल्लारपूरच्या विहारातल्या शेवंताबाईंना फोन लावला. “हितेंद्रच्या बाबांकडे, डोमाजींच्या घरी जा. आत्ता. दार उघडलं नाही तर तोडा.”

दोघं गाडीत बसले. अर्ध्या तासाचा रस्ता. भंतेंच्या मांडीवर फोन होता. हितेंद्र स्टिअरिंग घट्ट धरून काहीतरी पुटपुटत होता, पण ते शब्द नव्हते.

फोन वाजला. भंतेंनी तो मोठ्या आवाजावर लावला.

“भंते, दार आतून लागून हाय. मी आवाज देऊन राह्यली. बुढा बोलत नाही.”

“तोडा.”

मग नुसते आवाज आले. कोणीतरी धावलं. लाकडावर घाव बसले, एक, दोन… पुढे काहीच ऐकू येईना.

हितेंद्रनं गाडी कडेला घेतली. त्याला चालवता येईना.

“भंते!” शेवंताबाईंचा आवाज फाटला होता. “न्हाणीत पडून हायेत. कालपासूनच पडले असतीन. कंबर गेली वाटते. पण डोळे उघडे हायेत! टाकीतलं पाणी संपलं नव्हतं. खालचा नळ हाताला लागे, म्हणून वाचले.”

हितेंद्रनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

“काही बोलतात का?” भंतेंनी विचारलं.

“बोलले ना. म्हणे, पोराला सांगू नोका. ऑफिसात असन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजींचं ऑपरेशन झालं. खुब्यात रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर हाती काही लागलं नसतं. दुपारी त्यांना वॉर्डात आणलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भंते बसले होते. हितेंद्र येरझारा घालत होता. त्यानं फॉर्म भरले होते, औषधं आणली होती, रक्ताची सोय केली होती. आत मात्र तो अजून गेला नव्हता. दारापर्यंत जायचा आणि वळायचा.

“भंते, माझं चुकलं,” तो शेवटी म्हणाला. “उद्याच ते प्रीपेड बंद करायला अर्ज देतो. पुन्हा काउंटरच बरं. तिथं चार लोक तरी ओळखायचे त्यांना. चार दिवस दिसले नसते तर कोणी विचारलं तरी असतं.”

“बिल रोजचं येत नाही, हितेंद्र. काउंटरवाल्यांना महिन्यानं कळलं असतं.”

हितेंद्र थांबला. “म्हणजे… प्रीपेडच ठेवू?”

“त्यात काल एक युनिट दिसत होतं.”

“मग?”

“तुला दिसलं नाही.”

हितेंद्र भिंतीला टेकला. त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. “मला फिरवू नका, भंते. मी थकलोय. एकदा सरळ सांगा. बिल कसं भरू? कोणत्या रस्त्यानं पैसे पोचवू?”

आतून डोमाजींच्या खोकल्याचा आवाज आला. हितेंद्रनं दाराकडे पाहिलं. दार आठ पावलांवर होतं. तो जागचा हलला नाही.

भंते बाकावरून उठले. चीवर सावरलं.

“पैसे कसेही पोचतील,” ते म्हणाले. “तू चालत जा.”