उंबरठ्यावरचे दगड

पूर्वी शोणवती नगरीत अंगदत्त नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुघट होते. आई लवकर गेली. घरात वडील आणि धाकटी बहीण नंदा, एवढीच माणसे.

तिथले लोक सुगीला कुंभाराला धान्य देत आणि वर्षभरात त्याच्याकडून मडकी घेत. एका वर्षी वडिलांनी धान्य घेतले, पण मग आजाराने त्यांचे हात कापू लागले. मडकी घडवायची राहिली आणि ते वारले.

घरचा कर्ता गेला की त्या नगरीत चूल विझवीत. वारसाने ती पुन्हा पेटवली की घर त्याचे होई. त्याआधी मृताकडे ज्याचे येणे असेल त्याने उंबरठ्यावर एक दगड ठेवायचा. चूल पेटल्यावर दगड ठेवता येत नसे. ठेवलेल्यांचे ऋण वारसाने पुढच्या जत्रेपर्यंत फेडायचे, नाहीतर घर सोडायचे.

वडील गेले तेव्हा सारे नगर नदीकाठच्या जत्रेला गेले होते. चुलता कालक निखारे घेऊनच आला.

"सुघटा, उंबरठा मोकळा आहे तोवर चूल पेटव," तो म्हणाला. "उद्या लोक ओरडतील, पण रीत आपल्या बाजूने असेल."

"काका, त्यांचे धान्य आम्ही खाल्ले आहे."

"खाल्ले ते पचले. आता काय त्याची आठवण काढायची?"

सुघटाने निखाऱ्यांवर पाणी ओतले आणि नंदेला जत्रेत पाठवले. संध्याकाळपर्यंत लोक आले. एकेक दगड ठेवता ठेवता उंबरठा दिसेनासा झाला. शेवटी उत्पला नावाची म्हातारी आली. एका रांजणासाठी तिने आपले सगळे धान्य दिले होते. तिने दगड ठेवला, नंदेच्या तोंडाकडे पाहिले आणि तो परत उचलला.

"राहू दे रे बाळा. मला एकटीला पाणी ते किती लागणार?"

"आजी, दगड खाली ठेवा," सुघट म्हणाला. "तुम्ही तो दयेने नेलात, तर रांजण माझ्याकडून कधीच फिटणार नाही."

दगड ओलांडून त्याने चूल पेटवली.

मग तो चाकावर बसला तो उठेचना. नंदा माती मळी, तो घडवी. घाईने भाजलेल्या पहिल्याच आव्यातली, म्हणजे भट्टीतली, बहुतेक मडकी तडकली. कालक ती बोटाने वाजवत हिंडला.

"तड्यांत लाख भर, वरून राख चोळ. उन्हाळ्यापर्यंत कोणाला कळायचे नाही. तोवर दगड गेलेले असतील आणि घर तुझे."

"उन्हाळ्यातच तर त्यांना पाणी लागेल, काका."

सुघटाने मडकी थोपटायची लाकडी थापी उचलली आणि तडकलेले प्रत्येक मडके स्वतःच्या हाताने फोडले. नंदेच्या डोळ्यांत पाणी आले. "दादा, घर जाईल आपले."

"जाईल कदाचित. हा चुरा बारीक कुटून दे."

पुन्हा तडे जाऊ नयेत म्हणून तो भुगा त्याने नव्या मातीत मिसळला. मडकी सावलीत पूर्ण वाळेपर्यंत आव्याला हात लावला नाही. जत्रा जवळ येत होती, लोक दगड मोजून जात होते. तरी तो थांबला. नवा आवा उघडला तेव्हा एकाही मडक्याला तडा नव्हता.

घरोघर मडकी पोचली. ज्याला त्याचे मिळाले तो आपला दगड घेऊन जाई. जत्रेच्या सकाळी एकच दगड उरला होता. सुघट रांजण डोक्यावर घेऊन उत्पलेकडे गेला. तिने त्यात पाणी ओतले, बाहेरून हात फिरवून पाहिले. हात कोरडा राहिला. मग ती काठी टेकत त्याच्याबरोबर आली आणि आपला दगड उचलला.

उंबरठ्याच्या मधोमध वडिलांच्या पावलांनी झिजून पडलेला खळगा पुन्हा दिसू लागला. त्यात पाऊल ठेवून सुघट आपल्या घरात शिरला.

वडिलांचे घर घ्यावे पण त्यांची देणी टाळावी, असे मनात धरून आलेल्या एका गृहस्थाला पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि म्हटले, "गृहस्था, तेव्हाचा कालक तू होतास. नंदा म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद, उत्पला म्हणजे या जेतवन विहाराच्या दाराशी फुले विकणारी ती म्हातारी, आणि सुघट मीच होतो."

गृहस्थ उठला आणि घेणेकऱ्यांना बोलवायला गेला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती अधिष्ठान पारमिता, म्हणजे धरलेला निश्चय न सोडणे.