दारात उभी टिपकी

प्रवाळाच्या रानावर माणसाची सावलीही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बोटभर टिपकी मासळी आणि अधू डोळ्यांचा दगडू झिंगा एकाच बिळात राहायचे. दगडू वाळू उपसायचा. टिपकी दारात उभी राहायची आणि दगडूची मिशी तिच्या शेपटीवर टेकलेली असायची. धोका दिसून शेपटी थरथरली की दोघं आत.

"राबतोस तू, ही नुसती उभी!" शेजारचा खेकडा एकदा म्हणाला. दगडूला ते पटलं.

"उद्यापासून तूही उपस," त्याने टिपकीला सुनावलं.

टिपकीच्या मनाला लागलं, पण दुसऱ्या दिवशी ती तोंडाने वाळू उचलू लागली. दार मोकळं पडलं. मोठा मासा झेपावला. दगडू वाचला, पण एक मिशी गेली.

सकाळी टिपकीने विचारलं, "आज कुठली वाळू उपसू?"

दगडूने उरलेली मिशी हळूच तिच्या शेपटीवर टेकवली. "तू उभी राहा, बाई."