पोटावरची जाळी

“म्हंजी, माझ्यापासनं नातवाला ह्ये हुयाचं न्हाई?”

“मुळीच नाही,” निरंजन म्हणाला.

यमुनाबाई ढेबे डोंगरातल्या वाडीवरून दवाखान्यात आल्या होत्या. पोटावर तपकिरी डागांची जाळी उमटलेली. वाडीत कुणी म्हणालं, नागाचा कोप. तेव्हापासून सुनेनं तान्हं बाळ त्यांच्या हाती दिलं नव्हतं. डागांचं त्यांना काही नव्हतं, बाळाचं होतं.

निरंजन त्वचारोगाचा शिकाऊ डॉक्टर. हुशार होता, आणि ते त्याला चांगलं ठाऊकही होतं. पुस्तकात एकदाच पाहिलेला विकार त्यानं पहिल्या नजरेत ओळखला, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

“सर, एरिथिमा ॲब इग्नी! सततच्या धगीनं कातडीवर उठणारी जाळी. थंडीचा मुलूख, चुलीपाशी बसत असणार.”

त्याला शिकवणारे केळुसकर सर खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते.

“मग नडग्या कोऱ्या कशा?”

निरंजननं वाकून पाहिलं. चुलीपुढं बसणाऱ्याच्या पायांना आधी धग लागते. यांच्या पायांवर एक डाग नव्हता.

“खरंच की... पण मग पदराखाली धग आली कुठून?”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

यमुनाबाईंनी तोवर पिशवी उचललीही होती. “येते मी. सुनंला सांगते, डाक्तरनी बाळ घ्या म्हनून सांगितलंया.”

सर उठले. टेबलावरचा टॉवेल त्यांनी तान्ह्यासारखा गुंडाळला आणि पुढं धरला.

“आजी, घेऊन दाखवा बरं.”

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. टॉवेल खांद्याशी घेतला, थोपटला... पण पोटापासून चार बोटं लांबच.

“पोटाशी धरा की.”

हसू मावळलं.

“नगं... थितं सोसत न्हाई.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासनं. ईट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, पोटाला लावून पडायचं. तवा कुटं डोळा लागतो.”

“अहो, मग मला आधी का नाही सांगितलंत?” निरंजन कळवळून म्हणाला.

“तुमी डागाचंच इचारलं, बाबा.”

सरांनी त्यांना निजवलं. पोटावर हात ठेवून हळूहळू दाबत नेला. एका जागी हात थांबला... बराच वेळ तिथंच राहिला.

“आजी, आज घरी जायचं नाही. पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर.”

“आन बाळ?”

“त्याच्यासाठीच थांबायचं.”

सिस्टर यमुनाबाईंना हात धरून पुढं घेऊन गेल्या. टॉवेल आजींनी अजून खांद्याशीच धरला होता.

निरंजन दाराकडे बघत उभा राहिला.

“सर... माझं निदान चुकलं का?”

“छे,” सर म्हणाले. “अगदी बरोबर होतं. म्हणून तर त्या घरी निघाल्या होत्या.”