मास्तर कुठवर गेले

"पण मास्तर, जवळ असलं की जास्तच ऐकू येणार ना?"

शलमोन मास्तर प्रश्नाचं उत्तर सहसा शब्दांत देत नसत. मिरजेत त्यांच्याकडे गिटार शिकायला येणाऱ्यांना त्याची सवय होती. कौमुदी आवटीला मात्र उत्तर हवंच होतं, आणि तेही आपल्या बाजूचं.

तिचं तरी काय चुकलं? गेल्या वर्षी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात तिची गिटार ढोलकीखाली पार दबून गेली होती. मागच्या रांगांतून 'आवाज, आवाज' अशी ओरड झाली. यंदाही ऐकू आलं नाही तर तुझा सोलो कीबोर्डवाल्याला देऊन टाकू, असं वाद्यवृंदाच्या मालकांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि कार्यक्रम उद्यावर आला होता.

म्हणून तिनं पिकअप वर चढवला होता. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ही चुंबकाची पट्टी असते. तारेची थरथर तीच टिपते आणि स्पीकरकडे धाडते. दोन्ही टोकांच्या स्क्रूंनी ती वरखाली करता येते. कौमुदीनं ती इतकी वर घेतली, की तारा टेकायच्याच काय त्या बाकी होत्या.

आवाज दणदणीत झाला खरा. पण वरचे स्वर डगमगायला लागले आणि चटकन मरायला लागले. तिनं तारा बदलल्या, गिटार बनवणाऱ्याच्या नावानं खडे फोडले. स्क्रूला मात्र हात लावला नाही.

"एक स्वर लाव," मास्तर म्हणाले आणि उठले.

ही त्यांची जुनी रीत. शिष्यानं एकच स्वर छेडायचा आणि मास्तरांनी चालायला लागायचं. स्वर विझला की मास्तर जागच्या जागी थांबत. कोणी त्यांना अंगणातल्या चिकूपर्यंत नेलं होतं, कोणी फाटकापर्यंत. शिष्यमंडळी भेटली की एकमेकांना एवढंच विचारत, आज मास्तर कुठवर गेले?

कौमुदीनं तार छेडली.

मास्तर उंबऱ्यावरच थांबले.

तिचे कान लाल झाले. आपण मास्तरांना फाटकापर्यंत नेलं, हे मागच्याच महिन्यात तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

मास्तर परत आले. तिच्या कुर्त्याची उजवी बाही त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"आता वाजव."

"बाही सोडा की, मास्तर. हात हलत नाही."

"तारही तेच म्हणतेय."

कौमुदी तारेकडे बघत राहिली. मग तिला खालून ओढून धरणाऱ्या चुंबकाकडे.

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या पुढ्यात ठेवला. ती घाबरली. पिकअप खाली घेतला की आवाज कमी होणार, उद्या पुन्हा ओरड होणार आणि सोलो हातचा जाणार, असं ती एका दमात बोलून गेली.

मास्तरांनी स्पीकरवर टकटक केलं.

"मोठ्यानं बोलायला हा आहे. पिकअपनं नुसतं ऐकायचं."

तिनं स्क्रू थोडा फिरवला, वाजवून पाहिलं, पुन्हा फिरवला. जाड तारांच्या बाजूला पट्टी जरा जास्त खाली गेली, बारीक तारांच्या बाजूला कमी. हळूहळू डगमग थांबली. आता चालून बघा म्हणून तिनं मास्तरांना विनवलं.

"उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. पडद्यामागे कौमुदीचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेलाच. थोडासाच वर घेतला तर...

तिला बाही आठवली. स्क्रूड्रायव्हर पेटीत टाकून तिनं स्पीकरच्या आवाजाचं बटण वाढवलं आणि ती मंचावर गेली.

काय वाजवलं पोरीनं! ढोलकी होती, कीबोर्ड होता, पण त्यांच्यातून गिटार स्वच्छ वर येत होती. मागच्या रांगा गप्प होत्या. शेवटी तिनं सगळ्यात वरचा स्वर छेडला आणि धरून ठेवला.

पहिल्या रांगेतून शलमोन मास्तर उठले आणि दाराकडे चालू लागले.

मालकांच्या कपाळाला आठी पडली. गुरूच उठून चालला, म्हणजे काय समजायचं? पण जुने शिष्य वळून बघू लागले. एक उभा राहिला, मग सगळेच उभे राहिले.

मास्तरांनी अर्धं सभागृह ओलांडलं. स्वर होता. शेवटच्या रांगा ओलांडल्या. स्वर होताच. दार ढकलून ते बाहेर पडले, तरी तार गातच होती.

कौमुदी मंचावर हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बोट तिनं हलवलं नाही.

मग टाळ्या झाल्या. सुरुवात मागच्या रांगांनी केली. पुढच्या वर्षीचाही सोलो हिचाच, असं मालकांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

ते ऐकायला ती थांबली नव्हती. वायर उपसून, गिटार गळ्यात तशीच घेऊन ती बाहेर धावली. मास्तर पायऱ्यांवर नव्हते. फाटकाशीही नव्हते. रस्त्यापलीकडे, पार पुढच्या चौकात, टाळ्यासुद्धा पोचल्या नसत्या अशा ठिकाणी, चहाच्या गाड्यापाशी ते बशीत चहा ओतत उभे होते.

"इतक्या लांब, मास्तर?" तिला धाप लागली होती. "टाळ्यांसाठी तरी थांबायचंत."

मास्तरांनी बशी तिच्यापुढे केली.

"स्वर थांबेना, पोरी. मग मी कसा थांबू?"