ओढ्याकाठचा उजेड

एकदा एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींना नवी बॅटरी दाखवायला भर दुपारी त्यांच्या घरी आला. बॅटरी म्हणजे काही रत्नजडित दीप नव्हे. आठवडी बाजारात ताडपत्रीवर ढीग लावून विकतात ना, त्यातलीच एक. प्लॅस्टिकची, एलईडीची, मागे घडीची पिन असलेली, बोर्डात खोचली की चार्ज होणारी. अशी एकेक आता घरोघरी आहे, आणि आहे ते उत्तमच आहे. कंदिलाची काच पुसत बसण्याची हौस मला तरी नाही.

पण या बॅटरीचा शिष्याला मोठा अभिमान होता, कारण ती पथकाची बॅटरी होती. त्याचे नाव वैजनाथ. गाव स्वच्छ करायचे, कुणीही उघड्यावर बसता कामा नये, असा ठराव ग्रामसभेत झाला होता आणि त्यासाठी तरुणांचे एक पथक नेमले होते. वैजनाथ त्याचा प्रमुख. पहाटे उजाडण्याआधी पथकाने ओढ्याकाठी जायचे, टमरेल घेऊन बसलेले कुणी दिसले की अंगावर बॅटरी मारायची आणि शिट्टी फुंकायची. लाज वाटली की माणूस आपोआप घरात संडास बांधेल, अशी ती योजना. बॅटऱ्या गावातल्या एका व्यापाऱ्याने हौसेने दिल्या होत्या. देताना तो म्हणाला होता, "उजेड पार पलीकडच्या बांधापर्यंत जातो बरं का! आता कोण सुटतंय बघू." सगळे हसले होते.

"गुरुजी, बघा तर खरं," वैजनाथ म्हणाला आणि माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यावर त्याने बॅटरी मारली. उतरंडीतली मडकी चुना फासल्यासारखी पांढरी दिसू लागली. "परवा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आमचा सत्कार आहे. नऊ दिवसांत ओढा साफ केला आम्ही. पहिल्याच दिवशी काय गंमत झाली सांगू? एक म्हातारी बसलेली. मी मारली बॅटरी, पोरांनी फुंकल्या शिट्ट्या. तोंडावर पदर ओढून अशी पळाली, अशी पळाली, की टमरेल एकीकडे, चप्पल एकीकडे!"

तो पोट धरून हसला. ही गोष्ट त्याने नऊ दिवसांत गावभर सांगितली होती आणि दरवेळी म्हातारीचे पळणे थोडे वाढत गेले होते. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "उन्हाचा आलास. आधी जेवून घे."

गुरुजी एकटेच राहत. त्यांनी पिठले-भाकरी वाढली, कांदा फोडून दिला, आणि स्वतः समोर पाटावर बसले. वैजनाथने पहिला घास उचलला. तेवढ्यात गुरुजींनी शेजारी ठेवलेली बॅटरी हातात घेतली, बटण दाबले आणि उजेड थेट त्याच्या तोंडावर धरला.

वैजनाथचे डोळे मिटले. म्हातारपणी खेळ सुचतोय, असे वाटून तो हसला. "गुरुजी, बाजूला घ्या ना."

"जेव की. मी कुठे अडवलंय?"

त्याने मान खाली घातली. उजेड ताटावर आला. घास उचलला, उजेड घासाबरोबर वर आला. तोंड उघडले, उजेड तोंडात शिरला. ओठाला लागलेले पिठले, दातात अडकलेला कांद्याचा तुकडा, सगळे काही गुरुजी वाकून बघत होते. वैजनाथने घास चावण्याचा प्रयत्न केला, पण तो गालातच फिरत राहिला. पाठीला घाम सुटला. उजेडापलीकडचे गुरुजी दिसत नव्हते, नुसता पांढरा डोळा दिसत होता.

"बस करा, गुरुजी!" तो एकदम ओरडला आणि त्याने ताट सरकवले. "असं कुणी कुणाला बघतं का? माझ्याच्यानं नाही खाववत असं."

"का रे? चोरी करतोयस?"

"चोरी कसली? जेवतोय."

"मग लाज कशाची वाटली?"

 गुरुजींनी बॅटरी बंद केली. 

"ऐक," ते म्हणाले. "जेवणे हा देहधर्म, आणि ते दुसरेही देहधर्मच. त्यात पाप नाही. पण देहधर्म करताना माणूस दुबळा असतो. त्याला उठता येत नाही, पळता येत नाही, तुझ्याशी भांडता येत नाही. म्हणून पूर्वी आपल्या ओढ्याच्या वाटेने जाणारा पुरुष लांबूनच खाकरायचा. कंदील गुडघ्याखाली धरायचा. बाया ओळखायच्या, सावरून बसायच्या, आणि तो मान वर न करता निघून जायचा. ओढ्यावर घाण तेव्हाही होती, रोगराईही होती, ती पद्धत काही चांगली नव्हती. ओढा साफ व्हायलाच हवा. पण घाण हटवायची म्हणून तुम्ही माणसालाच घाण ठरवलंत, बाळा. आणि तुला कुणी ओळखू नये म्हणून उजेडाच्या मागे उभा राहिलास."

"पण गुरुजी, लाज वाटल्याशिवाय लोक सुधारत नाहीत!"

"सुधारली ना ती म्हातारी. कशी सुधारली ते सांगू?" गुरुजी थोडे थांबले. "ती संध्याकाळची जेवतच नाही आता. पोटात काही गेलं नाही तर पहाटे उठावं लागणार नाही, म्हणून. दुपारनंतर पाण्याचा घोट घेत नाही. लाजेनं कुणाच्या दारात बसत-बोलत नाही. अगदीच जमलं नाही तर भर उन्हात टेकडीपलीकडे जाते, गुडघे धरत. काल सकाळी मला शेळीचं दूध द्यायला आली आणि या उंबऱ्यावर कोसळली. दूध सांडलं. मी पाणी पाजायला गेलो तर तोंड फिरवते. किती वेळ विचारत बसलो, तेव्हा कुठे बोलली."

शेळीचे दूध म्हणताच वैजनाथ जागेवरून अर्धवट उठला. गुरुजींकडे शेळीचे दूध घेऊन येणारी बाई गावात एकच होती.

"गयामाय?" त्याने विचारले.

वैजनाथची आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा दोन महिने याच गयामायने त्याला न्हाऊ-माखू घातले होते. ते तो सगळ्यांना अभिमानाने सांगत असे.

"गुरुजी, शपथ घेऊन सांगतो, ती गयामाय आहे हे मला माहीत नव्हतं! माहीत असतं तर..."

"तर काय? दुसऱ्या कुणाची माय असती तर चाललं असतं?"

 वैजनाथचे कान तापले होते. जमिनीने पोटात घ्यावे असे म्हणतात ना, तसे त्याला झाले होते. गुरुजीसुद्धा त्याच्याकडे बघत नव्हते. "तुझ्यावर आवाज चढवायचा मला अधिकार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझं नाव पथकासाठी मीच सुचवलं. त्या सभेत टाळी मीही वाजवली; गयामाय तेवढी त्या दिवशी नव्हती. गयामायचं घर कातळावर आहे, खड्डा खोदता येत नाही, हे तिने आधीच्या सभांत चार वेळा सांगितलं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. काल ती उंबऱ्यावर पडली तेव्हापासून मलाही घास गोड लागत नाही."

वैजनाथ उठला आणि सरळ गयामायच्या घरी गेला.

एका खोलीचे घर, खिडकी नाही. तो दारात उभा राहिला तसा आतला होता तेवढा उजेडही अडला. गयामाय घोंगडीवर पडून होती.

"कोण हाय?"

"मी वैजू."

"ये लेकरा, ये." म्हातारी कोपरावर उठायला लागली. "देवासारखा आलास. तुला निरोपच धाडणार होते. त्या पोरायला तू सांग रे. पहाटचं उजेड मारतात, शिट्ट्या फुंकतात. कोण हायेत काय की, उजेडामागं तोंड दिसत नाही. तू गुरुजींचा माणूस, तुझं ऐकतील. तू तिथं असतास तर असं होऊ दिलं नसतंस."

आता तुम्हीच सांगा, या क्षणी 'हो माय, सांगतो' एवढे म्हणायला काय लागले असते? वैजनाथच्या जिभेवर ते शब्द आलेही होते. म्हातारीचा आशीर्वाद मिळाला असता, पथक बंद झाले असते, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. तुम्हाआम्हांपैकी पुष्कळांनी तेच केले असते. मी तर नक्कीच केले असते.

त्याने दाराची चौकट घट्ट धरली. "माय," तो म्हणाला, "तो उजेड माझाच होता."

 त्याला वाटले, आता ती शिव्या देईल. द्याव्यात, असेही वाटले. चार शिव्या, एक थोबाडीत, म्हणजे बरे वाटले असते. पण गयामायने हळूहळू डोक्यावरचा पदर पुढे ओढला, हनुवटीपर्यंत आणला, आणि भिंतीकडे तोंड केले.

"म्हंजे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तू पाह्यलंस मला."

 कबुली दिली की मन हलके होते, असे त्याने पोथीत वाचले होते. त्याचे मन हलके झाले नाही. उजेड मारणारा कुणी परका पोरगा होता, एवढाच एक आडोसा तिच्याकडे उरला होता, आणि तोही आज त्याने काढून घेतला होता. खोटे बोलला असता तर तिला फसवले असते, खरे बोलला तर तिला उघडे पाडले. एकदा चूक झाली की बरोबर वाट अशी शिल्लकच राहत नाही, हे त्याला तिथे त्या दारात उभे असताना कळले. तो पाठ फिरवून अंगणात आला आणि रडला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले. सत्कारासाठी वैजनाथचे नाव पुकारले गेले तेव्हा तो तिथे नव्हता. गुरुजी उठले आणि त्यांनी माईकवर सांगितले, की सत्कार घेण्यासारखे आपल्या गावाने काही केलेले नाही, आणि टाळी वाजवणाऱ्यांत मीही होतो.  व्यापाऱ्याने मान खाली घातली. पथक त्या दिवसापासून मोडले. वैजनाथ तेव्हा गयामायच्या परसात पहार घेऊन कातळावर घाव घालत होता. कातळ फुटेना. दुपारी गुरुजी आले, संध्याकाळपर्यंत पथकातली दोन पोरे आली. कुणी एकमेकांकडे बघत नव्हते. अठरा दिवसांनी खड्डा झाला, महिन्याभराने चार भिंती उभ्या राहिल्या, दार लागले, आणि दाराला आतून कडी लागली. त्या दिवशी संध्याकाळी गयामाय पोटभर जेवली, असे शेजारणीने गुरुजींना सांगितले.

काम चालू असताना ती रोज पाण्याचा तांब्या भरून अंगणात आणून ठेवी. पुढेही वैजनाथ दिसला की "बरा हाएस का लेकरा" असे विचारी. पण पदर हनुवटीपर्यंत ओढूनच. तो पदर त्याच्यासमोर पुन्हा कधी वर गेला नाही.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारते, "मग तिने त्याला क्षमा केली की नाही?" केली असेल. तिच्यासारखी माणसे करतात. पण क्षमा करणे तिच्या हातात होते. त्याने जे पाहिले ते परत देणे मात्र त्याच्या हातात नव्हते. तेव्हा बंधुभगिनींनो, बटणावर अंगठा असेपर्यंतच काय तो विचार करायचा असतो.