खारीने न झाडलेले पान

गावाच्या शिवेला टेकलेल्या एका रानातली ही गोष्ट. तिथे शेवग्याच्या ढोलीत एक खार राहत असे, आणि मुलांनो, तिच्याइतकी टापटिपीची खार तुम्ही पाहिली नसेल. उजाडले की ती शेपटीने आधी ढोली झाडायची, मग फांदी झाडायची, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर शेजारच्या पपईची पानेही झाडून यायची. त्या पपईवर तिचा फार जीव होता. ढोलीत तिची दोन पिल्ले होती आणि रानाच्या त्या कडेला खाण्याजोगे दुसरे झाड नव्हते. होते ते माळापलीकडे. पण उघड्या माळावर ससाणा सदा घिरट्या घालत असे, आणि पिल्लांना तोंडात धरून माळ ओलांडायचा म्हणजे त्याला जेवायला बोलावण्यासारखेच होते.

एका वर्षी पपईवर परमुलखातला पाहुणा आला. पाहुणा कसला, पिठ्या ढेकूण तो! अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा, बसल्या जागेवरून हलायचे नाव नाही, नुसता झाडाचा रस पीत राहायचा. त्याच्या मुलखात त्याला आवरणारे वैरी होते, इथे त्याला ओळखणारेही कोणी नव्हते. मग त्याचे फावले. एकाचे शंभर झाले, शंभराचे हजार. पाने आकसली, कोवळी फळे गळू लागली. खारीने झाडून झाडून शेपटी झिजवली, पण तिने खाली पाडलेले ढेकूण मुंग्या उचलून पुन्हा वर नेऊन ठेवत. ढेकणांच्या अंगातून गोड थेंब पाझरायचे आणि मुंग्यांना त्यांची चटक लागली होती. खार त्यांना समजावायला गेली की त्या माना डोलवायच्या आणि पुन्हा आपलेच खरे करायच्या.

शेवटी एक बुलबुल माळापलीकडून पपईच्या पानाचा तुकडा चोचीत धरून आला. पलीकडच्या पपईवरही हीच आफत आली होती, म्हणाला, आणि आता ती फळांनी लगडली आहे. पानाला तपकिरी फोलपटे चिकटलेली होती. ती पाहून खारीने नाक मुरडले. आधीच घाण कमी होती म्हणून ही आणखी आणलीस का, असे ती त्याला म्हणाली. तरी त्याच्या भिडेखातर तिने ते पान पपईच्या बेचक्यात ठेवले. दोन दिवसांनी एकेका फोलपटाला गोल भोक पडले आणि मोहरीहूनही लहान असे काहीतरी उडत बाहेर आले. गांधीलमाश्या! खार धावत ढोलीपाशी गेली आणि पाठ लावून तिने ढोलीचे तोंड बंद केले.

"ताई, घाबरू नका," त्यांतली एक म्हणाली. "आम्ही त्याच कुळातल्या, पण कुणाला डसायला आम्हाला सवड नाही. आमचे काम त्या ढेकणांशी. तुम्ही फक्त तीन आठवडे ही पाने झाडू नका."

आता खारीला झाडू नको म्हणणे म्हणजे बेडकाला डराव करू नको म्हणण्यासारखे! पण पिल्लांसाठी तिने तेही कबूल केले. त्या चिमुकल्या माश्या पहारेकरी मुंग्यांच्या नाकाखालून गेल्या आणि एकेका ढेकणाच्या पोटात एकेक अंडे घालून आल्या. खार मात्र दिवसभर शेपटी पायाखाली दाबून बसायची, आणि बुलबुल तिची थट्टा करायचा.

दहाएक दिवसांनी तिने पाहिले, तर पांढरे ढेकूण तपकिरी पडून टणक झाले होते. झाले, नवा रोग आला, असे तिला वाटले. तिचा धीर सुटला. तिने शेपटी फिरवली आणि अर्धे पान झाडून टाकले. तोच ती माशी धापा टाकत आली.

"ताई, तो कचरा नाही. आमचे पाळणे आहेत ते."

खारीने वाकून पाहिले. एका फोलपटाच्या आत काहीतरी इवलेसे वळवळत होते. तिला आपली ढोलीतली पिल्ले आठवली आणि भारी लाज वाटली. ती सरसर खाली उतरली, पडलेली फोलपटे दातांचा जोर न लावता एकेक करून उचलली आणि बेचक्यातल्या पानावर नेऊन ठेवली. पुढे त्या फोलपटांतून इतक्या माश्या निघाल्या की महिन्या-दोन महिन्यांत पपईने मान वर केली. नवी पाने आली, मग फळे धरली, पिकली. पिल्लांनी तोंड माखेपर्यंत गर खाल्ला. मुंग्या लाजत लाजत खाली जमल्या, तेव्हा खारीने मोठे मन करून एक पिकले फळ त्यांच्यासाठी खाली ढकलले. बुलबुल तर दिवसभर गात होता.

निरोप देताना खारीने माशीला विचारले, "तुला काय देऊ?"

"एक जुने पान झाडू नका, ताई. त्यावर चार ढेकूण राहू द्या. ते सगळेच संपले तर आम्ही जगायचे कशावर? आणि आम्ही नसलो, तर पुढच्या खेपेला तुमच्या मदतीला कोण येणार?"

पुढे पिल्ले मोठी झाली आणि आईसारखीच झाडलोट करू लागली. एकदा धाकटीची शेपटी त्या जुन्या पानाकडे वळली, तशी खार हळूच म्हणाली, "तेवढे राहू दे गं. तिथे आपली माणसे राहतात."

तात्पर्य : झाडून टाकण्याआधी नीट पाहावे, आपल्याला जो कचरा वाटतो, तो आपल्याच उपकारकर्त्याच्या बाळाचा पाळणा असू शकतो.